पाचोळ्याची माती

पिशवीची गाठ सोडली आणि आतून खसखस आवाज आला. वर्ष वाया गेलं, हे तिथेच कळलं.

वर्षभरापूर्वी हीच जाड काळी पिशवी मी गळलेल्या पानांनी ठासून भरली होती. खिळ्याने तिला वीस-पंचवीस भोकं पाडली, तोंड बांधलं आणि कुंपणाच्या कोपऱ्यात ढकलून दिली. ‘पानं भरा, भोकं पाडा, विसरून जा’ एवढीच कृती मला ठाऊक होती, आणि त्यातला विसरून जायचा भाग मी अगदी मनापासून पार पाडला होता. आता हात आत घातला तर पानं जशी भरली तशीच. रंग थोडा उतरलेला, बस. एक पान मुठीत चुरलं तर भुगा होऊन बोटांमधून खाली पडला. काळी, भुसभुशीत, जंगलात झाडाखाली मिळते तशी माती मिळेल म्हणून मी वर्षभर थांबले होते.

बागकामात मी तशी नवखी नव्हते. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट बरीच वर्षं करत होते, त्यामुळे पानं कुजवणं म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ असेल अशी माझी समजूत. ती समजूतच मुळात चुकीची होती. हे दोन्ही प्रकार दिसायला सारखे, पण आतला कारभार अगदी वेगळा.

झाड पान टाकतं ते काही भरलेलं ताट टाकत नाही. पान गळण्याआधी झाड त्यातलं कामाचं तेवढं आत ओढून घेतं. नत्र आणि स्फुरद यांचा मोठा वाटा, साधारण निम्मा, फांदीत परत जातो. हिरवं हरितद्रव्य मोडतं, मग आधीपासून पानातच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्या वेळी नव्याने तयार होतो. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि पान सुटतं. म्हणजे आपल्या हाती येतं ते घर सोडून गेलेल्या बिऱ्हाडाचं रिकामं खोकं. त्यात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम.

कंपोस्ट चांगलं तापायला कर्ब-नत्राचं प्रमाण २५-३० ला १ असं लागतं. वाळक्या पानांत ते ४० ते ८० ला १ असतं, झाडाझाडाप्रमाणे कमी-जास्त. एवढ्या तुटपुंज्या नत्रावर जिवाणूंची फौज वाढत नाही, त्यामुळे ढीग तापत नाही. शिवाय पानात लिग्निन असतं, लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य. ते फोडणं हे प्रामुख्याने बुरशीचं काम. बुरशी गार राहून, सावकाश, धागा धागा पसरत काम करते. तिला घाई चालत नाही आणि कोरडेपणा तर अजिबात चालत नाही. माझ्या पिशवीत बुरशी नव्हती असं नाही, पानांवर ती बाहेरूनच आलेली असते. तिला प्यायला थेंब नव्हता.

हे सगळं कळलं तेव्हा पुढची पानगळ तोंडावर आली होती. या वेळी पिशवीच्या भानगडीत न पडता पिंजरा करायचं ठरवलं. चार खांब, प्रत्येक बाजू एक मीटर, उंची एक मीटर, भोवती तारेची जाळी. तळाला काहीही टाकलं नाही, सरळ मातीवर. खालून गांडुळांना वर येता यावं आणि जादा पाणी मुरून जावं म्हणून. जागा झाडाच्या सावलीतली निवडली. उन्हात ढीग लवकर सुकतो. पिंजरा बांधायला दुपार पुरली. भरायला मात्र तीन आठवडे लागले, कारण एक घनमीटर म्हणजे किती पानं, याचा मला अंदाजच नव्हता. कोरडी पानं हातात मावत नाहीत एवढी असतात आणि पिंजऱ्यात टाकली की कुठे गेली ते कळत नाही.

घरच्या झाडांची पानं संपली तेव्हा शेजारच्या काकांकडे वळले. काका रोज सकाळी खराट्याने अंगण झाडून पानांचा ढीग करायचे आणि संध्याकाळी पेटवायचे. तो धूर आमच्या खिडकीत यायचा, त्यामुळे माझा त्यात थोडा स्वार्थही होता.

‘काका, ही पानं जाळू नका. मला द्या.’

‘एवढ्या कचऱ्याचं करणार काय तू?’

‘कुजवणार.’

‘मग घेऊन जा बाई. तेवढीच माझी काडी वाचली.’

दुसऱ्या दिवसापासून फाटकापाशी पोती येऊन पडायला लागली. काका मनापासून झाडतात, त्यामुळे पोत्यात पानांबरोबर वेष्टनं, दोऱ्यांचे तुकडे, सुतळी, एक चमचा आणि एकदा लहान मुलाचा मोजाही निघाला. प्लास्टिक आत्ता वेचायचा कंटाळा केला तर दोन वर्षांनी ते चाळणीत तसंच चकचकीत हजर होतं, हा अनुभव मी आता घेतला आहे.

कुठलं पान चालतं, यावर पुष्कळ बोलता येईल. पातळ, मऊ पान लवकर विरतं. जाड, चामड्यासारखं, वरून मेणचट चमक असलेलं सदाहरित झाडाचं पान दोन-तीन वर्षंही घेतं. अशी पानं मी वेगळी काढते, जमिनीवर पातळ पसरते आणि गवत कापायचं यंत्र त्यावरून फिरवते. तुकडे झाले की कडा वाढतात, बुरशीला शिरायला जागा मिळते आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. यंत्र नसेल तर पोत्यात भरून पायाखाली तुडवली तरी चालतं. त्यात राग काढायचीही सोय आहे. पाइनसारख्या झाडांच्या सुया आम्लधर्मी असतात आणि अतिशय सावकाश कुजतात, त्या स्वतंत्र ठेवाव्यात. आम्ल माती आवडणाऱ्या झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून त्या उत्तम. ओकसारख्या झाडांच्या पानांत टॅनिन जास्त, तीही रेंगाळतात, पण त्यांची माती फार देखणी होते. गुलाबावर काळे ठिपके पडलेली पानं मी घेत नाही. गार ढिगात रोगाची बीजं मरतील एवढी उष्णता कधीच होत नाही. आणि वाहत्या रस्त्याच्या कडेची पानंही नाही. त्यांच्यावर काय काय बसलेलं असतं ते पाण्याने धुऊन जाईल यावर माझा विश्वास नाही.

पिंजरा भरला. आता पाणी. धडा शिकले होते, म्हणून पाइप लावला आणि चांगलं अर्धा तास भिजवलं. खालून पाण्याचे ओघळ वाहायला लागले तेव्हा नळ बंद केला. समाधानाने हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज म्हणून कोपरापर्यंत हात आत घातला, तर वरची चार बोटं ओली आणि त्याखाली खसखस. तोच तो आवाज.

गंमत अशी, की गळालेलं पान सपाट असतं आणि ढिगात ते आडवंच बसतं. एकावर एक, एकाची कड दुसऱ्यावर. कौलारू छप्पर आणखी वेगळं काय असतं? वर पडलेलं पाणी या पानावरून त्या पानावर उतरत कडेला जातं आणि जाळीतून बाहेर पडतं. त्यात पानावरचा मेणाचा लेप. खालून वाहिलेले ते ओघळ पाहून मी खूश झाले होते, पण ते ढिगाला वळसा घालून आलेलं पाणी होतं. वर्षभर पाऊस पडला असता तरी मधला गाभा कोरडा राहिला असता, आणि पिशवीत तर पाऊसही नव्हता.

सगळा पिंजरा रिकामा केला. या कामाचं वर्णन करण्यात अर्थ नाही, फक्त घरातल्या कोणीही मदत केली नाही याची नोंद करून पुढे जाते.

मग एक मोठा ड्रम घेतला. त्यात पानं भरायची, वर पाणी सोडायचं, आणि पानं तरंगतात म्हणून वर फळी ठेवून दोन विटा. रात्रभर तसंच. सकाळी पाणी तपकिरी झालेलं असतं आणि पानं लोळागोळा, ओल्या चामड्यासारखी. ती काढून पिंजऱ्यात वीतभर जाडीचा थर द्यायचा आणि गमबूट घालून तुडवायचा. पुन्हा थर, पुन्हा तुडवणं. कोरडी असताना जी पानं पिंजऱ्याच्या काठावर ओसंडत होती, ती भिजून निम्म्यातच बसली. मग काकांची आणखी पोती. एका ड्रमात एका रात्रीत जेवढं भिजेल तेवढंच दुसऱ्या दिवशी भरायचं, असा अकरा दिवस कार्यक्रम चालला.

ओल किती हवी, याची माझी खूण साधी आहे. ढिगातली मूठभर पानं घेऊन जोरात पिळायची. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त, हात नुसताच गार लागला तर कमी. पिळून वाळत घालण्याआधीचं फडकं जितकं ओलं असतं तितकं.

जास्त ओलीचाही अनुभव घेऊन झाला. उरलेल्या पानांची एक पिशवी मी हट्टाने भरली होती, या वेळी भिजवून, पण भोकं पाडायला विसरले. दोन महिन्यांनी उघडली तर सडक्या अंड्याचा वास आणि पानांची काळी, बुळबुळीत थप्पी. हवा नसली की वेगळेच जिवाणू राज्य करतात. ते सगळं जमिनीवर पसरलं, कोरड्या पानांच्या चुऱ्यात कालवलं, पिशवीला भोकं पाडून पुन्हा सैलसर भरलं. आठवड्याभरात वास गेला. म्हणजे पिशवीचा मार्ग वाईट नाही, जागा कमी असेल तर तोच सोयीचा. पानं भिजवून भरायची, भोकं पाडायची, आणि विसरायचं मात्र नाही.

पानगळीनंतर कुठला ऋतू येतो, यावर पुढचं सगळं ठरतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. ज्या हवामानात पानं गळाल्यावर ओला, दमट हिवाळा येतो, तिथे ढीग नुसता उघडा ठेवला तरी आभाळ त्याची काळजी घेतं. ‘विसरून जा’ हा सल्ला अशाच ठिकाणी जन्मला असणार. झाडं पाण्याच्या टंचाईमुळे पानं टाकतात आणि मागून कोरडे, तापते महिने येतात, तिथे विसरलेला ढीग वर्षाने पाचोळाच राहतो. माझ्याकडे दुसरा प्रकार. म्हणून पिंजऱ्यावर ओलं गोणपाट घातलं आणि दर दहा-बारा दिवसांनी पहार घेऊन ढिगात पाच-सहा ठिकाणी खोल भोकं पाडायची, झारीचं पाणी थेट त्या भोकांत सोडायचं, असा नेम धरला. वरून कितीही पाइप धरण्यापेक्षा या भोकांतून दिलेल्या दोन झाऱ्या जास्त कामाच्या.

पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही. कंपोस्टची सवय असल्यामुळे मी सारखा हात घालून ऊब शोधत होते. ढीग थंडगार. एकदाच एका कोपऱ्यात हाताला चटका बसेल इतकी गरमी लागली आणि मी हुरळून गेले. नंतर आठवलं, की तिथे आदल्या आठवड्यात कापलेल्या हिरव्या गवताची टोपली ओतली होती. गवतात नत्र भरपूर, त्यामुळे तेवढाच कोपरा पेटला होता. थोडं गवत मिसळलं तर काम लवकर होतं हे खरं, पण मग तयार होतं ते कंपोस्ट. मला कंपोस्ट नको होतं, ते माझ्याकडे होतंच. गवत काढून टाकलं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी वरची पानं बाजूला केली आणि खाली पांढरं जाळं. पुस्तक भिजून वाळल्यावर पानं एकमेकांना चिकटतात तशी ती चिकटलेली होती. दोन पानं अलगद सोडवली तर मधे बुरशीचे धागे ताणले जाऊन तुटले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. काही पानांचा मधला मऊ भाग गेलेला आणि फक्त शिरांची जाळी उरलेली, इतकी बारीक की उजेडाकडे धरल्यावर कोणी बसून विणली आहे असं वाटावं. अशी दोन पानं मी वहीत ठेवून दिली आहेत. कोणाला दाखवायला गेलं की लोक बरं म्हणतात आणि विषय बदलतात.

मग वस्ती वाढली. वाणी आले, शेकडो पायांचे. हात लागला की गोळी होणारे चिलखती राखाडी किडे आले. टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरे, टुणकन उडणारे किडे आले. एक बेडूक गोणपाटाखाली कायमचा राहायला आला आणि दर वेळी मला दचकवत राहिला. हे सगळे पान कुरतडून बारीक करतात, बुरशी ते पचवते, काही जण ती बुरशीच खातात. तळाशी गांडुळं. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर लिहिताना नोंदवलं होतं, की गांडूळ पान बिळात ओढून नेताना बहुतेक वेळा निमुळत्या टोकाकडून धरतं, म्हणजे ते अडकत नाही. त्याने कागदाचे त्रिकोण कापून जमिनीवर ठेवले, तर तेही बरेचदा टोकाकडूनच ओढले गेले. मी हे वाचून टॉर्च घेऊन रात्री पिंजऱ्याशेजारी उकिडवी बसले होते. मला एक गांडूळ दिसलं. ते पान सोडून पळालं.

सहाव्या-सातव्या महिन्यात ढीग निम्म्यावर आला होता, रंग काळपट झाला होता आणि माझा धीर सुटला. चार घमेली काढली, भाजीच्या वाफ्यात टाकली आणि फावड्याने मातीत चांगली मिसळली. त्यावर रोपं लावली. तीन आठवड्यांत रोपांची खालची पानं पिवळी पडायला लागली. वरची हिरवी, खालची पिवळी. म्हणजे नत्राची उपासमार. रोपाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. कारण माझ्या हातानेच घडलं होतं. अर्धवट कुजलेली पानं मातीत गाडली की कुजवणारे जीव आपलं काम पुरं करण्यासाठी मातीतलं नत्र उचलतात. रोपाच्या मुळांपेक्षा ते चपळ असतात. नंतर ते नत्र मोकळं होतं, पण तोवर रोपांचं बालपण संपलेलं असतं. तयार कंपोस्ट आणि द्रवखत देऊन रोपं कशीबशी सावरली. वाफा त्या हंगामात बेताचाच आला.

तीच अर्धवट पानं मातीत न मिसळता वर नुसती पसरली असती तर काही बिघडलं नसतं. वर पसरलं की ते आच्छादन: ओल टिकते, तण कमी उगवतं, आणि नत्राची ओढाताण फक्त वरच्या पातळ थरात होते. तेव्हापासून सहा-आठ महिन्यांचा माल फक्त वर, दोनेक इंच जाडीचा, खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकवला तर खोड ओलं राहून कुजायची भीती. आणि तयार झाल्याशिवाय फावडं लावायचं नाही.

आणखी एक चूक बरेच जण करतात, मीही केली असती: ढीग खाली बसला की वर नवी पानं टाकत राहायचं. पिंजरा भरलेला बघून बरं वाटतं, पण मग वर कोरं, मधे अर्धवट, खाली तयार, आणि काढता काहीच येत नाही. दुसऱ्या वर्षीच्या पानांना दुसरा पिंजरा. त्याला इलाज नाही.

भरल्यापासून वीस महिन्यांनी पहिला पिंजरा उघडला. एक मीटरची उंची गुडघ्याच्याही खाली, जेमतेम वीतभर उरलेली. तयार झालं का, हे बघायची माझी एकच परीक्षा: हातातला तुकडा कुठल्या झाडाचा ते ओळखता आलं, तर अजून थांबायचं. या वेळी ओळखता येईना. काळसर तपकिरी, रवाळ, मुठीत दाबली की गोळा होतो आणि अंगठ्याने टोकरला की फुटतो. वास पहिल्या सरीने माती भिजल्यावर येतो तसा. तो वास मातीतले धागेदार जिवाणू सोडतात, असं नंतर वाचलं. मला ते नाही कळलं तरी चाललं असतं.

चाळायला बसले आणि तिथेही घाई केली. वरचा थर सुकला होता. तोंडाला काही न बांधता तासभर चाळत बसले आणि त्या धुळीत राहिले. संध्याकाळी घसा धरला, दोन दिवस खोकत होते. कुजणाऱ्या पानांत ॲस्परजिलससारख्या बुरश्यांचे बीजाणू असतात, कोरडं चाळताना ते हवेत उडतात आणि दमा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्याला खरंच त्रास होऊ शकतो. आता आधी झारीने हलकं शिंपडते, मास्क लावते, हातमोजे घालते आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसते.

एक सेंटिमीटरच्या जाळीतून चाळून चौदा घमेली माल निघाला. जाळीवर राहिलेलं, म्हणजे देठ, जाड शिरा, काटक्या, असं चारेक घमेली. एवढ्या पानांतून चौदा घमेली. काकांना आकडा सांगितला तर ते पोत्यांचा हिशेब करत बसले आणि शेवटी म्हणाले, ‘म्हणजे माझ्या तीन पोत्यांचं एक घमेलं होतं होय!’

हे खत आहे, असं मी कोणाला सांगत नाही. खत म्हणून तोलायला गेलं तर यात फारसं काही नाही. जे होतं ते झाडाने आधीच काढून घेतलं होतं. याचं काम मातीचा पोत सुधारणं आणि पाणी धरून ठेवणं. खात्री करायला मी एकाच मापाच्या दोन कुंड्या घेतल्या, एकीत नुसती बागेतली माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मा हा माल. दोन्हीत सारखंच रोप, सारखीच जागा. मातीच्या कुंडीला रोज पाणी घालावं लागत होतं, दुसरी तिसऱ्या दिवसापर्यंत वाफशावर राहत होती. शिवाय मातीच्या कुंडीत वर कडक पापुद्रा धरला आणि कडेला भेग पडली, दुसरीत बोट सहज आत जात होतं.

सगळ्यात जास्त फायदा बी पेरताना झाला. बारीक चाळलेली ही पाचोळ्याची माती, वाळू आणि बागेतली चाळलेली माती, एकास एकास एक. बीला सुरुवातीचं खाणं स्वतःच्या पोटात असतंच; तेव्हा त्याला सकस खत नको असतं, उलट जास्त क्षार कोवळ्या मुळांना भाजतात. त्याला हवी असते ओल आणि मोकळी जागा. ट्रेमधून रोप काढताना मुळं न तुटता अख्खा गोळा सुटून हातात आला, तेव्हा वीस महिन्यांचं पहिल्यांदा वसूल झाल्यासारखं वाटलं. मात्र खरी पानं दोन-चार फुटली की रोपं कंपोस्ट घातलेल्या मिश्रणात हलवायला हवीत. मी एक ट्रे आळसाने तसाच ठेवला, तर रोपं महिनाभर जिथल्या तिथे उभी राहिली.

काकांना दोन घमेली दिली. त्यांनी ती कुंड्यांत घातली आणि पुढच्या पानगळीत फाटकापाशी पोती यायची हळूहळू बंद झाली. विचारायला गेले तर त्यांच्या मागच्या अंगणात चार खांब आणि जाळी. मी म्हटलं, ‘काका, भिजवून भरलीत ना?’ ते म्हणाले, ‘पाइप धरला की अर्धा तास. खालून पाणी आलं चांगलं.’ मी हात आत घालून बघायला सांगितलं.

माझ्या दुसऱ्या पिंजऱ्यात काकांनी थांबायच्या आधी दिलेली नऊ पोती आहेत आणि तळाला पहिल्या पिंजऱ्याची चाळणीवर राहिलेली काटकी-देठं, विरजण म्हणून. त्यांच्यावर बुरशी आधीपासूनच जिवंत असते. काल पहार घालून पाहिलं. डाव्या बाजूला हातभर खाली एक कोरडा पट्टा लागला, पहारीला खसखस ऐकू आली. आज सकाळपासून पाइपचं तोंड त्याच भोकात खोचून, नळ अगदी बारीक सोडून ठेवला आहे.